महिना पन्नास रुपये फक्त!

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

महिन्याची वीस तारीख उलटली की आपल्या हॉस्टेलची अर्थव्यवस्था डळमळायला लागते. टपरीवरची उधारी वाढते, झेरॉक्सवाल्याकडे "उद्या देते हं" सुरू होतं आणि कॉरिडॉरमध्ये भेटणारी जी ती "शंभर आहेत का गं?" एवढंच विचारते. खर्च कमी करण्याचे सल्ले तर सगळेच देतात. बाहेरचं खाऊ नका, रिचार्ज छोटा मारा, घरी जायचं रिझर्वेशन आधी करा. हे सगळं आपल्याला पाठ आहे. मी आज ज्या खर्चाबद्दल लिहिणार आहे त्याच्याकडे मात्र सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे वाचण्याचा आणि वाचायला बसण्याचा खर्च.

हसू नका! जरा बेरीज करून बघा. स्पर्धा परीक्षेचं किंवा गेटचं मासिक, परीक्षेच्या आधी खासगी अभ्यासिकेची फी, कोणीतरी "वाचच!" म्हणून सुचवलेली आणि लगेच ऑनलाइन मागवलेली कादंबरी, दिवाळीत घेतलेले एक-दोन दिवाळी अंक. यातली प्रत्येक रक्कम छोटी असते, म्हणून ती हिशोबात धरली जात नाही. माझा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याच्या क्लासची फी भरल्यावर मला येणारे पैसे वाढणार नाहीत, हे बाबांनी जूनमध्येच सांगून टाकलं होतं. तेव्हा मी वहीच्या शेवटच्या पानावर हे सगळे आकडे एकाखाली एक मांडले. एका सेमिस्टरची बेरीज जवळजवळ चार हजारांवर गेली!

वाचणं बंद करणं हा एक उपाय होता. दुसरा उपाय एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, आपलं कॉलेज निघायच्या कितीतरी आधीपासून उभा आहे. तो म्हणजे गावातलं नगर वाचनालय.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांचं बोट धरून मी त्यांच्या गावच्या वाचनालयात जायचे. बालविभागात खाली सतरंजीवर बसून चित्रांची पुस्तकं बघायची आणि येताना गोळ्या खायच्या, असा तो कार्यक्रम असायचा. पुढे कॉन्व्हेंट, मग क्लास, मग सीईटी. वाचनालय आपोआपच मागे पडलं. आता वीस वर्षांची होऊन पुन्हा वाचनालयात जायला लागल्यावर मला पुस्तकांइतकीच त्यामागची सिस्टिम इंटरेस्टिंग वाटली. ती थोडक्यात सांगते, कारण ती कळल्याशिवाय पन्नास रुपयांत हे कसं परवडतं ते कळत नाही.

सार्वजनिक म्हणजे नक्की कोणाचं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की पब्लिक लायब्ररी म्हणजे सरकारी ऑफिस. महाराष्ट्रात चित्र थोडं वेगळं आहे. इथली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं गावातल्या लोकांनी संस्था स्थापन करून चालवलेली आहेत. सरकार त्यांना मान्यता देतं आणि दरवर्षी अनुदान देतं. बाकीचा भार सभासदांची वर्गणी आणि देणग्या यांवर.

ही परंपरा केवढी जुनी आहे बघा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, आणि कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ साली आणि मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली. म्हणजे आपल्याकडे रेल्वे आणि युनिव्हर्सिटी यायच्या आधी लायब्ररी आली! पुण्याच्या वाचनालयाचं तेव्हाचं नाव होतं 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी'. 'नेटिव्ह' हा शब्द आज ऐकायला कसातरीच वाटतो, पण तेव्हाच्या शिकलेल्या लोकांनी आपल्या गावात वर्तमानपत्रं आणि पुस्तकं सगळ्यांना मिळावीत म्हणून ही खटपट केली, हे विसरून चालणार नाही.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं उभारलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. भारतात ग्रंथालयांचा कायदा पहिल्यांदा झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. मग १९४८ मध्ये मद्रासचा झाला आणि आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला १९६७ मध्ये. तमिळनाडू, कर्नाटक अशा राज्यांत घरपट्टीबरोबर लायब्ररीसाठी थोडा कर घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. म्हणून आपल्याकडे वर्गणी आहे. महिना पन्नास रुपये भरताना आपण नेमके कशासाठी पैसे देतो, तर यासाठी!

या कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि मासिकं किती येतात, रोज किती तास उघडं असतं, असं सगळं बघून वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. यातला 'सभासद किती' हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

इस्त्री आणि कादंबरी

आता पन्नास रुपयांचं गणित. आमच्या ब्रँचमध्ये पॉवर सिस्टिम शिकवताना एक कन्सेप्ट अगदी सुरुवातीलाच येते, डायव्हर्सिटी फॅक्टर. बाकीच्या ब्रँचवाल्यांसाठी सोपं करून सांगते. समजा हॉस्टेलमध्ये १०० खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत एक किलोवॅटची इस्त्री आहे. (रेक्टर मॅडम, हे फक्त उदाहरण आहे!) सगळ्यांचा मिळून लोड झाला १०० किलोवॅट. पण म्हणून कोणी १०० किलोवॅटची सोय करत नाही, कारण सगळ्या इस्त्र्या एकाच वेळी लागत नाहीत. कोणी सकाळी सातला करते, कोणी रात्री अकराला. एका वेळी जास्तीत जास्त २० लागत असतील तर २० किलोवॅटमध्ये काम भागतं. १०० भागिले २० म्हणजे ५, हा झाला डायव्हर्सिटी फॅक्टर. हा आकडा जितका मोठा, तितका प्रत्येकीच्या वाट्याला येणारा खर्च कमी.

पुस्तकाचं अगदी असंच आहे. मी ४०० रुपयांची कादंबरी विकत घेतली आणि पाच दिवसांत वाचून संपवली, तर वर्षातले ३६० दिवस ती माझ्या ट्रंकेत पडून राहणार. पाच भागिले ३६५ म्हणजे दीड टक्कासुद्धा वापर नाही! कुठल्याही मशीनचा असा वापर झाला तर प्रॉडक्शनवाले त्याला भंगारात काढतील. तीच कादंबरी वाचनालयाने घेतली आणि पंधरा-पंधरा दिवसांसाठी दिली, तर वर्षात २४ जणांच्या हातून जाऊ शकते. ४०० भागिले २४, म्हणजे माणशी सतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि पुस्तक पुढच्या वर्षीही तिथेच असतं.

पण डायव्हर्सिटी फॅक्टरचा दुसरा भागही आपल्याला माहीत आहे. व्हायव्हाच्या दिवशी सकाळी आठ वाजता सगळ्या जणी एकदम इस्त्री लावतात आणि एमसीबी पडतो. सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी हवी असेल तर वाटून घेण्यात काही फायदा उरत नाही. म्हणूनच सिलॅबसची टेक्स्टबुकं परीक्षेच्या आठवड्यात कुठल्याच लायब्ररीत मिळत नाहीत, मग ती आपल्या कॉलेजची असो की गावातली. सार्वजनिक वाचनालय खरं उपयोगी पडतं ते सिलॅबसच्या बाहेरच्या वाचनासाठी. हा फरक नीट कळला की वाचनालयाबद्दलच्या निम्म्या तक्रारी संपतात.

आत काय काय मिळतं?

पहिला म्हणजे देवघेव विभाग. पुस्तकं घरी, म्हणजे आपल्या बाबतीत खोलीवर, इथूनच नेता येतात. एका वेळी एक किंवा दोन पुस्तकं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याबरोबर एक मासिक. जास्त वर्गणी भरली की जास्त पुस्तकं.

दुसरा म्हणजे वाचन कक्ष. सगळ्यांत कमी माहीत असलेली आणि सगळ्यांत स्वस्त गोष्ट! मोठ्या टेबलांवर दहा-बारा वर्तमानपत्रं पसरलेली असतात. ती वाचायला आमच्या वाचनालयात सभासद असण्याचीही गरज नाही. आत जायचं, बसायचं, वाचायचं, उठायचं, बस्स. सकाळी तिथे रिटायर्ड आजोबांची गर्दी असते. प्रत्येकाची खुर्ची आणि पेपरांचा क्रम ठरलेला असतो. संपादकीय पान हवं असेल तर दहानंतर जावं, हा माझा अनुभव.

तिसरा संदर्भ विभाग. शब्दकोश, विश्वकोश, गॅझेटियर, जुन्या मासिकांचे बांधलेले खंड. ही पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. मागच्या गॅदरिंगच्या वेळी आमच्या ग्रुपला आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या धरणाची माहिती हवी होती. इंटरनेटवर सगळीकडे एकच परिच्छेद कॉपी केलेला होता. गॅझेटियरमध्ये आख्खं प्रकरण मिळालं.

चौथी अभ्यासिका. बऱ्याच वाचनालयांनी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी ही सोय केली आहे. गावातल्या खासगी अभ्यासिकेचे मी महिन्याला ६०० रुपये देत होते. वाचनालयाच्या अभ्यासिकेला सभासदांना १०० रुपये पडतात. एसी नाही, वायफाय नाही. पंखा आहे, आणि तो फिरताना आवाज करतो. पण वायफाय नाही हाच फायदा आहे, हे माझ्याबरोबर येणाऱ्या तिघी जणी शपथेवर सांगतील.

आणि पाचवी म्हणजे दिवाळी अंकांची योजना. आपल्याकडे दिवाळी अंकांची प्रथा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये सुरू केली असं मानतात. आज एकेका अंकाची किंमत २५०-३०० रुपयांच्या घरात असते, मग सगळे कोण घेणार? वाचनालयं काय करतात, तर शंभर-दोनशे रुपये एकदाच घेतात आणि दोन-तीन महिने हवे तितके अंक बदलून देतात. मी यंदा त्या योजनेत अकरा अंक वाचले. मेसमधल्या मावशींनाही त्यातले दोन आवडले. पाककृतीचं पान बघून त्यांनी एका रविवारी खरंच काहीतरी वेगळं केलं होतं, ते आठवत असेलच.

सभासद कसं व्हायचं?

हॉस्टेलवाल्यांची पहिली अडचण पत्त्याची. आधार कार्डवर घरचा पत्ता, आणि वाचनालयाला हवा स्थानिक पत्ता. उपाय सोपा आहे. ऑफिसमधून बोनाफाईड घ्यायचं आणि त्याबरोबर रेक्टरच्या सहीचा हॉस्टेलमध्ये राहत असल्याचा दाखला जोडायचा. काही ठिकाणी जुन्या सभासदाची ओळख लागते. आपल्या स्टाफपैकी बरेच सर आणि मॅडम वर्षानुवर्षांचे सभासद आहेत, ते आनंदाने सही देतात. (हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लेक्चरच्या बाहेर सरांशी पुस्तकांवर बोलता येतं, हाही एक शोधच!) आमच्या वाचनालयात अनामत ५०० रुपये, अर्जाचे २० आणि वर्गणी महिना ५०. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवायची. लॅमिनेट करू नका, फाइलमध्ये ठेवा.

दर सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे तुमच्या गावी वेगळे असतील. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालयही असतं, तिथेही एकदा चौकशी करावी. शिवाय जाण्याआधी साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी बंद असण्याची वेळ विचारून घ्यावी, नाहीतर उन्हातान्हात सायकल मारत जाऊन कुलूप बघून यावं लागतं.

पुस्तक शोधायचं कसं?

काही वाचनालयांत कपाटं उघडी असतात, स्वतः फिरून बघता येतं. काही ठिकाणी काउंटरवर नंबर सांगावा लागतो आणि आतून पुस्तक आणून देतात. लहान वाचनालयांत साधी वाटणी असते. कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, प्रवासवर्णन वगैरे. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो आणि यादीत तो बघून चिठ्ठीवर लिहायचा. मोठ्या ठिकाणी ड्यूई नावाची दशांश पद्धत असते. तिच्यात सगळं ज्ञान ० ते ९९९ मध्ये बसवलेलं आहे. ५१० म्हणजे गणित, ५३० म्हणजे फिजिक्स, ६२० म्हणजे इंजिनिअरिंग. पॉइंटनंतरचे आकडे जितके वाढतील तितका विषय बारीक होत जातो. ६२१.३ आमचं इलेक्ट्रिकल, ६२४ सिव्हिल. मराठी साहित्याला ८९१.४६ मध्ये बसवलं आहे. अमेरिकेतल्या माणसाने १८७६ मध्ये केलेली पद्धत, त्यामुळे आपली भाषा पॉइंटच्या पलीकडे गेली!

आपल्याकडच्या एस. आर. रंगनाथन यांना हे पटलं नाही. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांनी स्वतःची कोलन पद्धत तयार केली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. माझ्या भाषेत सांगायचं तर पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी गोष्ट आहे. थर्मोडायनॅमिक्सच्या नियमांपेक्षा हे लक्षात ठेवायला कितीतरी सोपे आहेत. १२ ऑगस्टला त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन साजरा होतो.

पण खरं सांगू का, सगळ्यांत चांगली सर्च सिस्टिम म्हणजे काउंटरवरचे काका. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी बोलते मी छान, पण जाड मराठी पुस्तक वाचताना स्पीड अर्धा होतो. जोडाक्षरांचा लांब शब्द आला की गाडी फर्स्ट गिअरवर! मी काकांना सरळ विचारलं, "काका, मराठी वाचायची सवय सुटलीये. काय देऊ शकाल?" ते म्हणाले, "बाळ, सवय सुटलीये ना, भाषा नाही सुटली. हे घेऊन जा आणि आठ दिवसांत परत आण, याला नंबर लागलेले असतात." त्यांनी हातात ठेवलं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ पासून लोक ते वाचताहेत. मी पाच दिवसांत परत दिलं. मग नारळीकरांच्या विज्ञानकथा, मग एक प्रवासवर्णन. आता स्पीड बराच वाढलाय. घरी फोन केला की आजी आधी विचारते, "सध्या काय आणलंयस वाचायला?" पूर्वी ती फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायची. तेही विचारतेच, पण नंतर!

काय मिळत नाही?

सगळंच छान छान सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. तेव्हा हेही ऐका. आपल्या सिलॅबसच्या नव्या आवृत्त्या सहसा मिळत नाहीत. त्यासाठी कॉलेजची लायब्ररी आणि बुक बँक आहे, तिथे सेमिस्टर सुरू होताच नाव द्यावं. इंग्रजी विभाग बऱ्याच ठिकाणी लहान असतो. नवीन, गाजलेलं पुस्तक हवं असेल तर थांबावं लागतं. मोबाईलवर बोलता येत नाही (थँक गॉड!). पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेलं किंवा पान दुमडलेलं त्यांना चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं, मग हे कशाला, असंही कोणी म्हणेल. कायदेशीरपणे फुकट मिळणाऱ्या चांगल्या गोष्टी आहेत, त्या जरूर वापरा. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी, एनपीटीईएलची लेक्चर्स, मराठी विश्वकोशाची वेबसाइट, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पीडीएफ पुस्तकं. मी या सगळ्या वापरते. पण हल्लीचे बहुतेक मराठी लेखक तिथे भेटत नाहीत. आणि मोबाईलवर वाचायला घेतलं की दहाव्या मिनिटाला रील चालू होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

माझा हिशोब

जुलै ते डिसेंबर या सेमिस्टरचा हिशोब मांडते. या काळात मी चौदा पुस्तकं आणली. त्यांच्या छापील किमतींची बेरीज करून "बघा एवढे हजार वाचले!" असं म्हणता आलं असतं, पण ते बरोबर होणार नाही. चौदाच्या चौदा मी विकत थोडीच घेतली असती? फार तर चार. म्हणून तेवढीच धरली आहेत.

एरवी झाला असता तो खर्च : चार पुस्तकं १४०० रुपये, खासगी अभ्यासिका दोन महिने १२००, दिवाळी अंक दोन ६००, परीक्षेचं मासिक सहा महिने ६००. एकूण ३८०० रुपये.

झालेला खर्च : अर्ज २०, वर्गणी सहा महिने ३००, अभ्यासिका दोन महिने २००, दिवाळी अंक योजना १००. एकूण ६२० रुपये. मासिक वाचन कक्षात वाचलं, त्याचे शून्य. सायकल स्वतःची.

शिल्लक ३१८० रुपये. अनामतीचे ५०० अडकले आहेत, पण ते आपलेच आहेत. म्हणजे आपल्या मेसच्या जवळजवळ एका महिन्याच्या बिलाएवढी रक्कम वाचली. मी डिसेंबरमध्ये घरी पैसे मागितले नाहीत. बाबांनी फोनवर दोनदा विचारलं, "नक्की पुरतायत ना?" विकत न घेताही वाचलेली दहा पुस्तकं या हिशोबात कुठेच धरलेली नाहीत, ती बोनस!

आता त्यांचं काय?

इथपर्यंत सगळं आपल्या फायद्याचं झालं. पण मघाशी म्हटलं तसं, 'सभासद किती' यावरही वाचनालयाचा वर्ग ठरतो. काका सांगत होते की सभासदांमध्ये तरुण मुलं फार कमी उरली आहेत. अभ्यासिका भरलेली असते, पण तिथली बरीच मुलं देवघेव विभागाची पायरीसुद्धा चढत नाहीत. सभासद कमी झाले तर वर्गणी कमी, नवी पुस्तकं कमी, आणि पुस्तकं जुनी म्हणून पुन्हा सभासद कमी. फीडबॅक लूप आपण शिकलोच आहोत. हा वाईट दिशेने जाणारा लूप आहे आणि तो उलट फिरवायला माणसं लागतात. हॉस्टेलमधल्या ५० जणांनी नाव नोंदवलं तर महिना अडीच हजार रुपये वर्गणी जमा होते. वर्षाचे तीस हजार. साधारण ३०० रुपयांचं एक पुस्तक धरलं तर शंभर नवी पुस्तकं! त्यातली चार-पाच आपल्या आवडीची मागवायला सांगता येतील. आमच्या वाचनालयात त्यासाठी काउंटरवर एक वही ठेवलेली असते. त्या वहीत सध्या सगळ्यात जास्त मागणी आध्यात्मिक पुस्तकांना आहे, कारण लिहिणारे सगळे आजोबाच आहेत.

आणि कॉम्प्युटर, आयटीवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. दरवर्षी मिनी प्रोजेक्टला 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' करून तुम्ही सबमिट करता आणि ती सीडीत नाहीतर पेन ड्राइव्हवर धूळ खात पडते. गावातल्या वाचनालयाची यादी अजून रजिस्टरमध्ये आहे. कोहा नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, युनिकोडमुळे देवनागरीत टाइप करण्याची अडचण राहिलेली नाही. खरी लायब्ररी, खरा डेटा, खरे युजर. एक्स्टर्नलला दाखवायला याहून चांगलं काय हवं? काकांना मी विचारलंय. ते म्हणाले, "मुलं येणार असतील तर मी रविवारीसुद्धा उघडतो."

तर मंडळी, जास्त लांबण लावत नाही. आम्ही चौघी जणी दर शनिवारी साडेचारला मेन गेटवरून सायकलने निघतो आणि मेसच्या वेळेपर्यंत परत येतो. ज्यांना यायचंय त्यांनी बोनाफाईड आणि दोन फोटो घेऊन यायचं. सायकल नसेल तर डबल सीट नेऊ. फक्त चढावर उतरून ढकलावी लागेल, हे आधीच सांगून ठेवते!